पूर्णिमा चालू लागली

३ नोव्हेंबर, रविवार

आले एकदाची जबलपूरला! दिवाळीचा फराळ आईने असा ठासून भरला होता की बॅगेची चेन अमरावती सोडायच्या आतच उसवली. स्टेशनाबाहेर मस्त गुलाबी थंडी होती. रिक्षावाल्याचं नाव बंटी. त्याने अधारतालपर्यंत सगळं शहर एका दमात समजावून सांगितलं. खोव्याची जलेबी कुठे खायची, ग्वारीघाटावर आरतीला कधी जायचं, भेडाघाटला कुणाच्या नादी लागायचं नाही, सगळं.

खोली फारच छान आहे. मेन रोडच्या आत, शांत गल्लीत, वरच्या मजल्यावर. खोली, छोटं स्वयंपाकघर आणि समोर उघडी गच्ची. खाली घरमालकीण हेमलताकाकू राहतात. आईच्या शाळेतल्या एका बाईंनी ओळख काढून दिली. ही मंडळी इकडची जुनी मराठी. यांच्या सासऱ्यांचे आजोबा-पणजोबा कधीतरी नागपूरकरांच्या चाकरीत इथे आले आणि इथलेच झाले. यजमान खमरियाच्या फॅक्टरीत होते. क्वार्टर सोडल्यावर हे घर बांधलं, आणि दोन वर्षांत गेले. आता घरात काकू आणि मुलगी पूर्णिमा.

पूर्णिमादीदी माझ्याहून थोडी मोठी. समोरच्या खोलीत खिडकीशी पलंगावर असते. पाच वर्षांपूर्वी ताप आला, उतरला, आणि जाताना पाय घेऊन गेला. हातांतही फार जोर नाही. आधी खो-खो खेळायची, राज्याच्या संघातून. मी कॉलेजात पळायचे म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. मराठी समजते, बोलताना अटकते म्हणाली, आणि मग हिंदीत भरभरून विचारत सुटली. चढावर श्वास कसा धरायची, कोणता पाय आधी टाकायची.

उद्यापासून रिछाईला नोकरी. बिस्किटांच्या कारखान्यात प्रयोगशाळा. बिस्किटं खायला मिळतील का, असं दादाने विचारलंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

काम जमेल असं वाटतंय. माणसं बरी आहेत.

आज सकाळी पळाले! दोन वर्षांत पहिल्यांदा. जवळच कृषी विद्यापीठाचं आवार आहे. आत मोठमोठी झाडं, शेतांवर धुकं, फिरायला आलेले कानटोपीवाले काका. ठरवलं होतं हळू पळायचं. पण रस्ता दिसला आणि पाय ऐकेनात. परत आले तेव्हा चेहरा लालबुंद. पूर्णिमादीदीने खिडकीतून टाळी वाजवायचा प्रयत्न केला. तळवे एकमेकांना लागले, आवाज आला नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल काही वाटलं नाही. आज मात्र! जिना चढता येतो, उतरता येत नाही. मांड्या अशा ठणकतायत की मी कठडा धरून, पाठमोरी, एकेक पायरी उतरले. पोटऱ्यांत दगड भरलेत. संडासात बसणं म्हणजे शिक्षा. कॉलेजातल्या सरांचं म्हणणं आठवलं: दुखणं दुसऱ्या दिवशी पिकतं, घाबरायचं नाही, हलकं चालत राहायचं, झोपायचं, प्यायचं, खायचं. स्नायू विश्रांतीत भरतो, मेहनतीत नाही.

काकूंनी मला पाठमोरी उतरताना पकडलं आणि हसून बेजार झाल्या. म्हणाल्या, अंग आंबलंय तुझं, बस इथं. ओवा आणि लसूण घालून तेल कढवलं, ओट्यावर उन्हात बसवलं आणि माझे पाय चोळून दिले. काय हात आहे त्यांचा! अंगठा बरोबर गाठीवर जातो. सगळा ठणका ओढून काढल्यासारखं वाटलं.

मग तीच वाटी घेऊन त्या आत पूर्णिमादीदीचे पाय चोळायला गेल्या. मी साबण पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे ना बेटा. हाताला लागलेलं तेल वाया काहून घालवायचं?"

१७ नोव्हेंबर, रविवार

नियम बसला. एक दिवस पळणं, एक दिवस गच्चीवर बैठका आणि पोटाचा व्यायाम. ऑफिसहून आल्यावर काकूंचं मालिश. मी नको नको म्हणते, पण त्या ऐकत नाहीत आणि खरं सांगायचं तर मलाही सोडवत नाही. केळी, उकडलेली अंडी (काकू खात नाहीत, पण मला वर करू देतात), रात्री हळदीचं दूध.

आजची मोठी बातमी: पूर्णिमादीदीची बोटं हलली! उजव्या पायाची. काकू धावत वर आल्या, माझा हात धरून मला खाली नेलं. खरंच हलली. दीदी स्वतःच्या पायाकडे असं बघत होती जसं कुणी दारात आलंय आणि ओळख पटत नाहीये. काकू माझ्या पायगुणाबद्दल बोलत राहिल्या. संध्याकाळी बंटीकडून खोव्याची जलेबी मागवली. पूर्णिमादीदीने चार खाल्ल्या.

१ डिसेंबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. कंटाळा नव्हे, थकवा.

दुखणं जातच नाहीये. पहिल्या आठवड्यातलं दुखणं आठवड्यात जायला हवं होतं. आता शरीर सरावायला हवं. उलट मी हळू पळतेय. पहिल्या दिवशी जिथे वळले होते, तिथपर्यंतही आज दम टिकला नाही. दोन कानटोपीवाले काका माझ्या पुढे निघून गेले. सरळ चार दिवस विश्रांती घेऊन पाहिली. मालिश तेवढं चालू होतं. काही फरक नाही. ऑफिसच्या पँटला पिना लावतेय. आरशात मांड्या बघितल्या. व्यायाम करणारीच्या मांड्या अशा नसतात.

डॉक्टरकडे गेले. रक्त तपासलं. फार काही सापडलं नाही. प्रोटीन घ्या, झोपा, व्यायाम कमी करा.

पूर्णिमादीदी आता आधाराशिवाय बसते. आज तिने मटार सोलले. मी समोर बसून बघत होते. शेंग उजव्या हातात धरायची, डाव्या अंगठ्याने फोडायची. मी डावखुरी आहे, म्हणून मला हे लगेच दिसतं. सहज विचारलं, तू पण डावखुरी का गं? ती थांबली. दोन्ही हातांकडे पाहिलं. म्हणाली, "नाही तर. मी तो राइट-हँडेड आहे ना."

आणि पुढची शेंग पुन्हा डाव्याने फोडली.

८ डिसेंबर, रविवार

शेजारच्या ममतादीदी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, किती उतरलीस गं. मग इकडेतिकडे बघून, कपडे घडी करत करत, त्यांनी मला विनताबद्दल सांगितलं.

विनता माझ्या आधी इथे भाड्याने राहायची. नर्स होती, छिंदवाड्याकडची. सायकलने ड्यूटीवर जायची, सुट्टीच्या दिवशी सायकलने बर्गीपर्यंतही जाऊन यायची. हसरी, धट्टीकट्टी. काकू तिचेही पाय चोळायच्या. मग ती वाळत गेली. तिकडे पूर्णिमादीदी भिंत धरून उभी राहिली होती, सगळ्या गल्लीने पाहिलं. शेवटी विनताचे भाऊ गाडी घेऊन आले आणि तिला आडवी झोपवून घेऊन गेले. ती गावी गेली आणि महिनाभरात वारली. ज्या दिवशी बातमी आली त्याच्या आदल्या दिवशी पूर्णिमादीदी उभ्याची खाली कोसळली आणि पुन्हा पलंगाला लागली.

ममतादीदी म्हणाल्या, मी हे सगळं मानत नाही हं. पण तू लहान आहेस म्हणून सांगून टाकलं.

मीही मानत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

काकूंना सांगितलं, मालिश नको. डॉक्टरांनी नको म्हटलंय असं खोटंच सांगितलं. त्या वाटी हातात धरून उभ्या राहिल्या, तेल थिजेपर्यंत.

काकू देवळात गेल्यावर मी पूर्णिमादीदीजवळ बसले. कसं विचारावं कळत नव्हतं. विचारावं लागलंच नाही. तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "अपूर्वा, तू निघून जा. मी आईला बोलेन, ट्रान्सफर झाली. विनताला मी बोलले नाही. डर गई थी. तू जा."

मी म्हटलं, म्हणजे हे खरं आहे?

ती रडायला लागली. म्हणाली, तिला फक्त एवढंच कळतं की आईचे हात तिच्या पायांना लागले की तिला धावल्यासारखं वाटतं. ज्या रस्त्यावर ती कधी गेली नाही, तो रस्ता पायांखाली येतो. धुकं, झाडं, कानटोपीवाले म्हातारे.

१५ डिसेंबर, रविवार

व्यायाम बंद, मालिश बंद. पाचच दिवसांत दुखणं गेलं! आज कितीतरी दिवसांनी जिना सरळ तोंडाने उतरले. नवीन खोली शोधायला लागले आहे.

पण खाली—

पूर्णिमादीदीच्या हातातून काल चमचा पडला. आज ती बसू शकली नाही. आज मी चहा द्यायला गेले तर भिंतीकडे तोंड करून होती, आणि उशी ओली.

दुपारी काकू वर आल्या. आत आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, त्यांच्या आजीने हे त्यांना शिकवलं होतं. जनावरांसाठी करायचे, दमलेल्या बैलाचं बसलेल्या बैलाला द्यायचं. माणसावर करायचं नाही असंही सांगितलं होतं. म्हणाल्या, "आई आहे न मी. पडलेलं लेकरू रोज पाहून राहिली मी. पाच वर्षं झाली, अपूर्वा. ती उभी राहीपर्यंत कर. फक्त उभी राहीपर्यंत. मग तिचं ती चालवेल." आणि म्हणाल्या, "ह्या वेळी मी काळजी घेईन. दूध, तूप, कशाला कमी पडू देणार नाही तुला."

मी जोरात नाही म्हणणार होते. पण मला ती आवाज न झालेली टाळी आठवली. मला पाय आहेत, तिला नाहीत. थोडं दुखलं तर दुखलं. उभी राहीपर्यंतच तर.

मी पाय पुढे केला.

आता लिहिताना एकच शब्द डोक्यात फिरतोय. 'ह्या' वेळी.

२२ डिसेंबर, रविवार

पूर्णिमादीदी उभी राहिली.

अख्खी गल्ली जमली होती. ममतादीदींनी नारळ फोडला. बंटीने पेढे वाटले. ती दारापर्यंत गेली, उंबरा ओलांडला, ओट्यावर उन्हात उभी राहिली आणि मोठ्याने हसली. मीही रडले, आनंदानेच. खरंच आनंदाने.

सगळे टाळ्या वाजवायला उठले. मला खुर्चीतून उठता आलं नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. काकूंच्या आलं. त्यांनी माझ्या हातात दुधाचा पेला दिला आणि डोक्यावरून हात फिरवला.

सांगून टाकलं: आता बस. ठरल्याप्रमाणे. काकूंनी मान हलवली. पूर्णिमादीदीने गळ्यात पडून थँक यू म्हटलं. तिचे दंड माझ्या पाठीवर आवळले गेले. कसले घट्ट आहेत.

२९ डिसेंबर, रविवार

आठवडाभर पळाले नाही. बैठक नाही, तेल नाही. ऑफिस आणि झोप.

आज दुपारी उन्हात पडले होते. एकदम पोटऱ्या भरून आल्या. मग मांड्या. पहिल्या आठवड्यात होतं तसं ताजं, गरम दुखणं. मी काहीच केलं नव्हतं. पडून होते.

कठड्याशी जाऊन खाली पाहिलं.

पूर्णिमादीदी गल्लीत चालत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भराभर, हात हलवत. माझ्यासारखी चालते ती. डावा खांदा जरा खाली टाकून. कॉलेजात सर मला यावरून ओरडायचे.

ती थांबली. माझा ठणका थांबला.

ती वळली आणि पुन्हा निघाली.

आता तेल लागत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

निघाले होते. कुणाला न सांगता. एक बॅग, बाकी सामान नंतर. सकाळी बंटीला बोलावलं, बसस्टँडला चल म्हटलं. अमरावतीकडे जाणारी जी मिळेल ती.

दमोह नाका ओलांडून स्टँडवर पोचेपर्यंत ठीक होते. बसच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पाय माझा राहिलाच नाही. दोन्ही मांड्यांत एकदम गोळे. तिथेच, लोकांच्या पायांत पडले. कंडक्टर आणि बंटीने उचललं. मी ओरडत होते, मला आत बसवा, तसंच बसवा. कंडक्टर म्हणाला, बहनजी, अशा हालतीत नाही नेऊ शकत. बंटी बिचारा घाबरला. माणूस पत्ता असलेल्या ठिकाणी नेणार, त्याने परत इथेच आणलं.

पूर्णिमादीदी ओट्यावर होती. घामाने निथळत, गाल लाल. आज ती पहिल्यांदा पळाली होती. विद्यापीठाच्या आवारात.

बंटी आणि तिने मिळून मला वर आणलं. नंतर ती उशाशी बसली, हळूच विचारलं, "खूप दुखलं का?"

मी मान हलवली.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी हळू पळेन."

जा म्हणाली नाही. ह्या खेपेला जा म्हणाली नाही.

७ जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात दोन दिवस होते. सलाईन. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिले, पुन्हा दाबून पाहिले. स्नायू इतक्या लवकर कसे झिजले, त्यांना समजेना. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला, म्हणाल्या परक्या गावात एकटं पडलं लेकरू, जेवणखाण नाही.

डबा दोन्ही दिवस पूर्णिमादीदी आणायची. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. जिन्याने यायची, लिफ्ट नको म्हणायची. ती पोचायच्या आधी मला कळायचं.

ऑफिसात रजा टाकली. आईला अशक्तपणा म्हणून सांगितलं. तिचा गुडघा नुकताच बदललाय. तिला इकडे कसं बोलवू.

११ जानेवारी, शनिवार

हळू पळत नाही ती.

रोज. सकाळी. आता संध्याकाळीही.

काकूंनी तिच्यासाठी गच्चीवर चटई टाकली आहे. बैठका मारते. माझ्या दारासमोर. मी दार लावून घेते, उपयोग नाही. ती खाली बसते, माझ्या मांड्या पेटतात. ती उठते, पेटतात. आपल्याला कसं, दमलं की थांबावं लागतं. तिला दमायलाच होत नाही. तिचं दमणं इथे आहे. कितीही करू शकते ती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पूर्णिमादीदी तिळगूळ घेऊन धावत वर आली. पायऱ्या गाळत. मी उशीत तोंड दाबलं.

सुंदर दिसते आता. खरंच. केस वर बांधलेले, डोळे चमकदार. वडी माझ्या तोंडात घातली, कारण माझा हात उठेना. मग सांगितलं. रविवारी शहराची शर्यत आहे, अधारतालहूनच सुटते. लांब पल्ल्याची. तिने नाव दिलंय.

मी हात जोडू शकले नाही. तोंडाने विनवलं. म्हटलं, दीदी, चालण्यापर्यंत ठीक होतं गं. गल्लीत फिर, घरात फिर, मी सोसेन. एवढं लांब नको. मी मरेन.

"नाही मरणार. आई आहे न बघायला." मग आवाज बारीक झाला. "अपूर्वा, तू इतकी वर्षं पळाली. मी पाच वर्षं छत पाहिलं. एक बार. बस एक बार मला पळू दे. मग मी बंद करेन, कसम."

मी म्हटलं, विनतालाही कसम दिली होती का?

ती उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती. माझ्या चेहऱ्यावर ती असायची, नोव्हेंबरात, पलंगाकडे बघताना.

१६ जानेवारी, गुरुवार

उजव्या हाताने लिहितेय. डावा उचलवत नाही. अक्षर लहान मुलीसारखं.

दादाला फोन लावला. सगळं सांगितलं, रडत. त्याने तेलाचं, पळण्याचं काही समजून घेतलं नाही. पण माझा आवाज ऐकला. म्हणाला, येतो, शनिवार रात्रीच्या गाडीचंच तिकीट मिळतंय. रविवारी दुपारी पोचेल.

रविवारी दुपारी.

शर्यत सकाळी.

१७ जानेवारी, शुक्रवार

दादाने लवकर यावं म्हणून पुन्हा फोन लावायचा होता. फोन चार्जिंगला आहे, भिंतीशी. तिथपर्यंत नाही जाता येत. काकूंना मागितला. हो म्हणाल्या. दूध पाजलं. फोन दिला नाही.

तूप फार घालतात दुधात. गिळताना गळा दुखतो. गळ्यालाही स्नायू असतात.

१८ जानेवारी, शनिवार

काकूंना म्हटलं, उद्या तिला थांबवा. मी गेले तर ती पण पडेल. विनताच्या वेळी पडली तशी. तुमच्यासाठी तरी थांबवा.

त्या माझे पाय चेपत होत्या. तेल नव्हतं, नुसतेच. मग रडायला लागल्या.

"सांगितलं मी तिला. ऐकून नाही राहिली. एका दिवसाचं तर आहे, म्हणते." डोळे पुसले. "लहानपणी अशीच हट्टी होती, माहीत आहे?"

असं म्हणताना हसल्या. रडता रडता. अभिमानाने.

तेव्हा समजलं की आता कुणी—

१९ जानेवारी, रविवार

ऊन आलंय. घरात कोणी नाही. काकू शर्यत बघायला गेल्या, ममतादीदी पण. जाण्याआधी उशाशी पाणी ठेवलं. पूर्णिमादीदी येऊन गेली. पाया पडली माझ्या. मी तिच्याहून लहान आहे.

मेन रोडवरचा भोंगा इथवर ऐकू येतोय. हिंदीत नावं घेतायत. वही छातीवर आहे, पेन मुठीत. लिहीत राहिले तर शुद्ध राहील. दादा येईपर्यंत. फक्त दादा येईपर्यंत.

सुटली.

भोंग्याच्या आधी कळलं. दोन्ही पोटऱ्या—

जोरात निघालीय. इतक्या जोरात सुरुवात करायची नसते. मी सांगितलं असतं. कुणी विचारलं असतं तर—

मांड्या. आग.

लोक ओरडतायत लांब. तिचं नाव.

चढ आला असणार. टाचा वर, वजन पंजावर. पाठ. पाठीत कुणीतरी पिळतंय. श्वास चढावर दोन पावलांत एक घ्यायचा. मीच सांगितलं होतं. ती तसाच घेतेय. मी पण. मला घ्यायचा नाही तरी—

दादाची गाडी कुठे असेल. इटारसी. पिपरिया. नरसिंगपूर सोडलं असेल तर

ती हसतेय. गाल दुखतायत माझे

हात नाही हलत नीट

आता पाय गेले. एकदम. आग नाही, ठणका नाही. काहीच नाही. पांघरुणाखाली पाय आहेत का ते पण

थांबली का. थांबली वाटतं. दीदी थांबली. आठवण आली असेल माझी

नाही

भोंगा ओरडतोय. अजून पळतेय. पाय संपले तर आता कुठून

छातीत

दीदी हळू

छातीत डाव्या बाजूला आवळून येतंय भरून येतंय तसंच पोटऱ्या यायच्या तस